विंडोज जागेवर ठेवून उबुंटू काढून देणारं बेळगावातलं दुकान

एका लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू अशा दोन सिस्टीम असतील आणि त्यातली एकच काढायची असेल, तर बेळगावात खडेबाजाराच्या बोळात एक दुकान आहे, तिथं जा. खाली कापडदुकान, वर जिना चढून गेलं की रिपेअरीचं दुकान. नावाची पाटी नाही. जिन्याच्या तोंडाशी 'कॉम्प्युटर रिपेअरी' एवढंच मराठीत आणि कन्नडमध्ये रंगवलेलं आहे. मालक पन्नाशीच्या पुढचे, सगळे त्यांना काकाच म्हणतात. हाताखाली बैलहोंगलकडचा एक पोरगा आहे. त्याचं मराठी अजून मोडकंतोडकं, पण कामाचा हात स्वच्छ. माझ्या लॅपटॉपवरचं उबुंटू या दोघांनी काढलं आणि विंडोजमधली एक फाईलसुद्धा इकडची तिकडे झाली नाही. काम कुठल्या क्रमानं केलं ते सविस्तर लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुठल्या दुकानात गेलात तरी काय विचारायचं ते कळेल.

खानापुरात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, मराठी शाळांच्या प्रश्नपत्रिका, यात्रेची हँडबिलं आणि सरकारी कचेरीत द्यायचे कन्नड अर्ज. सकाळी श्री-लिपीवर मराठी पत्रिका आणि दुपारी नुडीवर कन्नड अर्ज, असं दोन्ही एकाच लॅपटॉपवर चालतं. भाचा उद्यमबागच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकायला होता तेव्हा माझ्याकडेच राहायचा. अभ्यासाला लिनक्स लागायचं, म्हणून त्यानं याच लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकलं. नीट टाकलं होतं, दोन्ही व्यवस्थित चालायचं. मग त्याला पुण्यात नोकरी लागली, कंपनीनं वेगळा लॅपटॉप दिला, आणि उबुंटू इथं तसंच राहिलं.

अडचण जागेची झाली. २५६ जीबीची एसएसडी, विंडोज तिला २३८ जीबी दाखवतं, आणि त्यातले ७० जीबी उबुंटूकडे. सी ड्राइव्हची पट्टी कायम लाल. लग्नसराईत कोरलड्रॉमध्ये मोठी फाईल सेव्ह करताना लॅपटॉप अडकायचा आणि समोर गिऱ्हाईक उभं असायचं. दुसरा त्रास घड्याळाचा. लॅपटॉप चालू केला की आधी कुठली सिस्टीम हवी ते विचारणारा काळा पडदा यायचा. त्या काही सेकंदांत मी मशीनपाशी नसले की आपोआप उबुंटू सुरू व्हायचं. ते बंद करून विंडोजमध्ये यावं तर घड्याळ साडेपाच तास मागं. सकाळी दहाला फाडलेल्या बिलावर पहाटेचे साडेचार छापून यायचे. काकांनी नंतर कारण सांगितलं. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं. भारत जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढं, म्हणून नेमका तेवढाच फरक. मशीनमध्ये बिघाड काहीच नव्हता.

काकांकडे जाण्याआधी मी दुसरीकडे विचारलं होतं. जिथं गेले तिथं एकच उत्तर, "फॉरमॅट मारावं लागेल, सगळं नवीन टाकून देतो." फॉरमॅट मारणं सोपं असतं हे मलाही कळतं. पण त्यानंतर श्री-लिपीची नोंदणी पुन्हा, नुडी पुन्हा, प्रिंटर आणि स्कॅनरचे ड्रायव्हर पुन्हा, कोरलमधली बसवलेली सगळी घडी पुन्हा. जुन्या पत्रिकांच्या फायली बॅकअपमधून परत आल्या तरी एखादा जुना फाँट राहून गेला की पत्रिका उघडल्यावर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. सराईच्या तोंडावर हे कुणाला परवडतं? दुकानदाराचं काम तासाभरात होतं, निस्तरायचं मात्र गिऱ्हाइकाला आठवडाभर असतं.

काकांना मी हेच सांगितलं. ते म्हणाले, "बिऱ्हाडकरू गेला म्हणून घर पाडतात काय ओ ताई? खोली तेवढी मोकळी करायची." आणि लॅपटॉप उघडायच्या आधी प्रश्न विचारायला लागले. मला हे दुकान आवडलं ते इथूनच.

पहिला प्रश्न, उबुंटूत कुणाचं काय ठेवलेलं आहे? मी म्हटलं, माझं काही नाही, भाच्याचं असेल. तर म्हणाले, त्याला फोन लावा, त्यानं स्वतः सांगितल्याशिवाय मी काढणार नाही. दुसरा प्रश्न, विंडोजमधल्या कामाचा बॅकअप बाहेर कुठं आहे? तिसरा, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, चालू आहे का? याचं उत्तर मला माहीत नव्हतं. त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन बघितलं, बंद होतं. बघणं का गरजेचं तेही सांगितलं. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मग बूटचा, म्हणजे मशीन सुरू होण्याचा, क्रम बदलला किंवा बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, काही हलवलं की विंडोजला संशय येतो आणि ते ४८ आकडी 'रिकव्हरी की', म्हणजे कुलपाची किल्ली, मागतं. ती की खात्यावर ठेवलेली असते. पण ते खातं कुठल्या ईमेलचं हेच घरात कुणाला आठवत नसेल, तर डिस्क आहे तिथंच असून आतलं काहीही हाती लागत नाही. म्हणून की आधी कागदावर उतरवून घ्यायची, नाहीतर काम संपेपर्यंत एन्क्रिप्शन काढून ठेवायचं. हे न बघता कामाला हात घालणाऱ्या दुकानात लॅपटॉप देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथी गोष्ट त्यांनी विचारली नाही, स्वतःच तपासली. स्टार्टमध्ये 'एमएसइन्फो३२' टाकलं की एक यादी येते. तिच्यात 'बायोस मोड' समोर काय लिहिलंय ते बघायचं, यूईएफआय की लेगसी, म्हणजे मशीन सुरू होण्याची पद्धत नवी की जुनी. पुढची सगळी वाट यावर ठरते. माझ्या लॅपटॉपवर यूईएफआय निघालं. "मग सोपं हाय," काका म्हणाले.

मग त्यांनी माझ्याच पिशवीतल्या एका पत्रिकेच्या रद्दी प्रूफच्या पाठीवर पेननं आडवी पट्टी काढली आणि तिचे चार खण, म्हणजे डिस्कचे भाग, पाडले. डावीकडचा पहिला खण अगदी चिंचोळा, त्यात लिहिलं 'ईएफआय १०० एमबी'. दुसरा मोठा, 'सी १६७ जीबी'. तिसऱ्यात नुसतं '७०'. शेवटचा पुन्हा चिंचोळा, 'रिकव्हरी'. पहिल्या आणि चौथ्या खणावर फुली मारून खाली लिहिलं, 'हात लावायचा नाही'. मग विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून तीच पट्टी स्क्रीनवर दाखवली आणि म्हणाले, आता तुम्ही सांगा उबुंटू कुठलं. मी ७० जीबीच्या खणावर बोट ठेवलं. त्या खणाला ड्राइव्हचं अक्षर नव्हतं, एनटीएफएस हे विंडोजच्या साठवणीच्या पद्धतीचं नावही कुठं लिहिलेलं नव्हतं, कारण लिनक्सची ईएक्सटी४ पद्धत विंडोजला वाचता येत नाही. काकांनी बजावलं, इथं नुसत्या आकारावरून ठरवायचं नाही. रिकव्हरीच्या खणालाही अक्षर नसतं, ईएफआयलाही नसतं. बिननावाचं दिसतंय ते उडवा म्हणून कुणी तिन्ही उडवले, तर विंडोज सुरू करणारी फाईलच जाते, कारण ती त्या १०० एमबीच्या खणात असते. उबुंटूची सुरू होणारी फाईलही त्याच खणात असते, वेगळ्या फोल्डरमध्ये. दोघांचा दरवाजा एकच आहे, ही गोष्ट मला त्या कागदामुळं पहिल्यांदा नीट समजली. कागद मी जपून ठेवलाय. दुकानात येणाऱ्या कॉलेजच्या पोरांना दाखवते.

एक बारकावा इथंच सांगते. जुन्या उबुंटूत स्वॅप नावाचा, मेमरी कमी पडली की वापरायचा, आणखी एक वेगळा खण असायचा. २०१७ पासूनच्या उबुंटूत सहसा तो वेगळा नसतो, मुख्य खणातच एक फाईल असते. तुमच्याकडे दोन बिननावी लिनक्सचे खण दिसले तर गोंधळू नका, पण दोन्हींची खात्री करूनच पुढं जा.

भाच्याला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, सगळं गिटवर आहे, उडव बिनधास्त." गिट म्हणजे प्रोग्रामचं काम साठवून ठेवायची सोय. फोन स्पीकरवर होता. बैलहोंगलच्या पोरानं मधेच विचारलं, "अण्णा, डॉट फोल्डर बगितलं काय?" नावाच्या सुरुवातीला टिंब असलेले फोल्डर उबुंटूत लपलेले असतात, कंट्रोल आणि एच दाबल्यावर दिसतात. भाचा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, सर्व्हरमध्ये शिरायच्या चाव्यांच्या फायली त्यातच आहेत आणि त्या दुसरीकडे कुठंच नाहीत. त्या पोरानं लॅपटॉप उबुंटूत सुरू केला आणि भाच्याचा अख्खा होम फोल्डर, लपलेल्या फायलींसकट, एकाच गठ्ठ्यात बांधून बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतला. गठ्ठा बांधण्याचं कारण असं की सुट्या फायली पेनड्राइव्हवर टाकल्या की लिनक्सच्या परवानग्या गळून पडतात. मग तो गठ्ठा दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर उघडून दोन-चार फायली खरंच उघडतात का ते बघितलं. कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं या दुकानात धरत नाहीत. बॅकअप उघडून बघितल्यावरच झाला म्हणतात. माझ्या पत्रिकांच्या आणि फाँटच्या फोल्डरचंही तसंच केलं.

आता खरं काम. बहुतेक लोक इथं उबुंटूचा खण आधी उडवतात. काका आधी बायोसमध्ये गेले. तिथं बूटच्या यादीत 'उबुंटू' सगळ्यात वर होतं, 'विंडोज बूट मॅनेजर' त्याच्या खाली. त्यांनी विंडोज वर आणलं, सेव्ह केलं, लॅपटॉप पूर्ण बंद केला, पुन्हा चालू केला. सिस्टीम विचारणारा काळा पडदा आला नाही, सरळ विंडोज उघडलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. मग रिस्टार्ट. प्रत्येक वेळी सरळ विंडोज. या घटकेला उबुंटू डिस्कवर जसंच्या तसं होतं, एक अक्षरही पुसलेलं नव्हतं, आणि तरी विंडोज त्याच्यावाचून सुरू होत होतं. काकांच्या सगळ्या पद्धतीचा गाभा मला हाच वाटला. आधी विंडोज स्वतःच्या पायावर उभं राहतं का ते बघायचं, मगच दुसऱ्याला काढायचं. काही बिनसलंच तर यादीचा क्रम उलटा केला की सगळं पूर्वीसारखं. शिवाय विंडोजचा बूटेबल पेनड्राइव्ह टेबलावर तयार ठेवलेला होता. तो लागला नाही.

खण काढायला मिनिटसुद्धा लागलं नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ७० जीबीच्या खणावर राइट क्लिक, 'डिलीट व्हॉल्यूम'. विंडोजनं इशारा दिला की हा खण विंडोजनं केलेला नाही, यात दुसऱ्या सिस्टीमचा डेटा असू शकतो. काकांनी माउस माझ्याकडे सरकवला. "तुमची वस्तू, तुमीच 'यस' म्हणा." खण काळा झाला, 'अनअलोकेटेड'. मग सी ड्राइव्हवर राइट क्लिक, 'एक्सटेंड व्हॉल्यूम', आणि सी २३७ जीबीचा झाला. लाल पट्टी निळी झाली तेव्हा मला किती हायसं वाटलं ते लिहून सांगता येणार नाही.

हे इतकं सरळ झालं कारण मोकळी जागा सी च्या लगेच उजवीकडे होती. विंडोजला सी तेवढ्याच बाजूला वाढवता येतो. मधे रिकव्हरीचा खण आला असता तर 'एक्सटेंड' हा शब्द फिकट दिसला असता आणि क्लिकच झालं नसतं. पुष्कळ लोक इथं अडकतात आणि चिडून तो रिकव्हरीचा खणच उडवतात. तसं करू नये. त्या मोकळ्या जागेचा डी ड्राइव्ह करून वापरला तरी काम भागतं.

इतकं झाल्यावर कुठलंही दुकान लॅपटॉप बंद करून पैसे मागेल. इथं आणखी एक काम बाकी होतं. खण गेला तरी त्या १०० एमबीच्या खणात 'उबुंटू' नावाचं फोल्डर आणि बायोसच्या यादीत 'उबुंटू' ही ओळ मागं राहते. ती ओळ आपण होऊन काही करत नाही, पण उद्या बायोस रीसेट झालं आणि ती पुन्हा वर गेली, तर मशीन नसलेल्या सिस्टीमला शोधत बसतं. काकांनी ॲडमिनिस्ट्रेटरचा कमांड प्रॉम्प्ट उघडला, 'माउंटव्हॉल' या कमांडनं ईएफआय खणाला तात्पुरतं एस हे अक्षर दिलं आणि आतली यादी दाखवली. मायक्रोसॉफ्ट, बूट आणि उबुंटू अशी तीन फोल्डर. फक्त 'उबुंटू' काढलं. 'बूट'ला का हात लावत नाही असं मी विचारलं, तर म्हणाले, त्याचा त्रास नाही आणि चुकलं तर महागात पडतं, म्हणून राहू दे. मग 'बीसीडीएडिट'नं बायोसची यादी काढून त्यातली उबुंटूची ओळ पुसली. पुसण्याआधी त्या ओळीचा लांबलचक आकडा दोघांनी मोठ्यानं वाचून ताडून बघितला, एकानं स्क्रीनवरून, दुसऱ्यानं कागदावरून. चुकीची ओळ पुसली तर विंडोजचीच जाते. शेवटी घड्याळ इंटरनेटवरून लावून घेतलं. तेव्हापासून बिलावरची वेळ बरोबर येते.

मी बसले होते तेवढ्यात निपाणीहून एक दिवाणजी मोठा कॉम्प्युटर घेऊन आले. तंबाखूच्या वखारीतलं जुनं मशीन, टॅलीवर सगळा हिशेब. त्यांच्या साहेबांच्या मुलानं व्हिडिओ बघून विंडोजमधूनच लिनक्सचा खण उडवला होता. दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर 'ग्रब रेस्क्यू' एवढंच, पुढं काही नाही. दिवाणजींचा चेहरा उतरलेला. त्यांच्या गावात कुणीतरी सांगितलं होतं की डेटा गेला, फॉरमॅट करून देतो. काका म्हणाले, "काय गेलं नाही ओ, बसा की." ते मशीन लेगसी पद्धतीचं होतं. त्यात डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या तुकड्यात लिनक्सनं आपला बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा ग्रब हा प्रोग्राम, बसवलेला असतो आणि त्याचा उरलेला भाग लिनक्सच्या खणात असतो. खण गेला, तुकडा राहिला, आणि तो नसलेल्या खणाला शोधत बसला. विंडोज शेजारी धडधाकट होतं, त्याच्यापर्यंत पोचायची वाट तेवढी बंद झाली होती. काकांनी विंडोजचा पेनड्राइव्ह लावला, रिपेअरमधून कमांड प्रॉम्प्टवर गेले आणि 'बूटरेक'ची फिक्स एमबीआर ही कमांड दिली. ती तेवढा बूटचा तुकडा नव्यानं लिहिते, खणांच्या तक्त्याला धक्का लावत नाही. मशीन पुन्हा सुरू केलं आणि टॅली उघडली. दिवाणजी बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि मग सगळ्यांना चहा सांगितला.

हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्या भागात 'डेटा गेला' हे वाक्य फार लवकर बोललं जातं. काळा स्क्रीन आला म्हणजे डेटा गेला असं नसतं. बहुतेक वेळा सुरुवातीची वाट तुटलेली असते. ग्रब रेस्क्यू दिसलं तर मशीन बंद करा, त्यावर काहीही नवीन टाकू देऊ नका, आणि वाट जोडून देणारा माणूस शोधा.

उबुंटू वाईट आहे म्हणून मी काढलं असं कुणी समजू नये. माझा धंदा श्री-लिपी, नुडी आणि कोरलवर चालतो, आणि हे सगळं माझ्याकडे विंडोजवर बसलेलं आहे, एवढाच हिशेब. काका स्वतः उलटा सल्लाही देतात. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही आणि काम नुसतं इंटरनेट आणि टायपिंगचं आहे, तिथं ते म्हणतात, विंडोज काढा आणि उबुंटू ठेवा. तेही काम ते करतात. पण त्यात एक धोका त्यांनी मला समजावला. विंडोज सहसा डिस्कच्या डाव्या बाजूला असतं. ते काढलं की मोकळी जागा उबुंटूच्या डावीकडे पडते, आणि ती उबुंटूला द्यायची तर अख्खा खण डावीकडे सरकवावा लागतो. म्हणजे सगळा डेटा उचलून नव्या जागी लिहिला जातो, त्याला तासन् तास लागू शकतात, आणि मधेच वीज गेली तर सगळंच जातं. आमच्या खानापूरच्या पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून हे काम घरी कुणी करू नये. काका यूपीएसशिवाय याला हात लावत नाहीत. बहुतेक वेळा खण सरकवण्याऐवजी मोकळी जागा वेगळी साठवणीला ठेवायला सांगतात. आणि विंडोज काढताना तो १०० एमबीचा ईएफआय खण उडवला तर उबुंटूही सुरू होत नाही, हे तेव्हाही लक्षात ठेवायचं. दरवाजा दोघांचा एकच.

आता ज्या गोष्टी पटल्या नाहीत त्या. जिना अरुंद आणि उभा आहे. मोठा कॉम्प्युटर घेऊन वयस्कर माणसानं चढणं अवघड, खाली हाक मारायचीही सोय नाही. फोन उचलत नाहीत. गर्दी असली की उभंच राहावं लागतं, बसायला दोनच स्टूल आहेत. याहून मोठी गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकाचा पासवर्ड चिकटपट्टीवर लिहून लॅपटॉपच्या पाठीवर चिकटवायची त्यांची सवय. दुकानात ओळीनं ठेवलेल्या लॅपटॉपवर लोकांचे पासवर्ड उघडे दिसत होते. मी तसं करू दिलं नाही, जिथं लागला तिथं मी स्वतः टाइप केला. काकांना तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, राग मानला नाही, पण पट्ट्या काही काढल्या नाहीत. इतकं जपून काम करणाऱ्या माणसानं हे बदलायला हवं. तोवर तुम्ही लॅपटॉप ठेवून जाणार असाल तर आधी तात्पुरता पासवर्ड लावा आणि घरी आल्यावर बदला. पावतीही मागितल्याशिवाय मिळत नाही. मागितली की मिळते, आणि तीवर काय काम केलं ते लिहून देतात.

पैसे म्हणाल तर माझ्याकडून कामाचे ६०० आणि बॅकअपचे २०० घेतले. नुसतं फॉरमॅट याहून स्वस्तात होतं हे खरं. पण त्यानंतर सगळं पुन्हा बसवण्यात जाणारे माझे दिवस धरले, तर हे ८०० रुपये मला कमीच वाटले. सामानाचे पैसे नाहीत, कारण सामान काही लागतच नाही. कुणी या कामासाठी नवीन हार्डडिस्क घ्या म्हणालं तर आधी कारण विचारा.

खानापूर, नंदगड, बीडी बाजूनं येणाऱ्या बायकांना सांगते, कर्नाटकाच्या शक्ती योजनेत साध्या सरकारी बसला आपल्याला तिकिटाचे पैसे पडत नाहीत, ओळखपत्र तेवढं सोबत असू द्या. लॅपटॉप मांडीवरच ठेवा, वरच्या रॅकवर नको. चार्जर न विसरता न्या, कारण काका चार्जर लावल्याशिवाय काम सुरू करत नाहीत. बॅकअपसाठी आपली रिकामी हार्डडिस्क नेली तर ते २०० रुपये वाचतात. ज्यानं दुसरी सिस्टीम टाकली होती, त्याचा फोन त्या वेळी लागेल असं आधी ठरवून जा. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या गेलात तर काका निवांत असतात, पट्टी काढून समजावून सांगतात. दुपारनंतर कॉलेजची पोरं येतात आणि मग त्यांना मान वर करायला सवड नसते. रविवारी बंद.